आपत्तीनंतर गाव कसं सावरलं? लोकांचे अनुभव नोंदवायला निघालेल्यांसाठी

किल्लारीत किंवा सास्तुरात आजही कुणाला ‘३० सप्टेंबर १९९३ला काय झालं?’ असं विचारलं, तर उत्तर लगेच येतं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. पत्रकारांना, पाहुण्यांना, अधिकाऱ्यांना हे इतक्यांदा सांगून झालंय की त्या सांगण्याला आता ठरलेला क्रम आला आहे. पण ‘पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात जायला किती दिवाळ्या गेल्या आणि तोवर जनावरं कुठे बांधत होतात?’ असं विचारलं की माणूस थांबतो, आठवू लागतो, घरातल्या दुसऱ्या कुणाला हाक मारतो. तुमचं काम तिथून सुरू होतं.

समाजकार्य, भूगोल किंवा पत्रकारितेचे विद्यार्थी, एनएसएसचे स्वयंसेवक, आपल्याच गावाचा पूर नोंदवून ठेवावा असं वाटणारे तरुण, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः दोन ठिकाणची आहेत: लातूर-धाराशिवचा भूकंप, ज्याला तीस वर्षं उलटून गेली, आणि कृष्णा-पंचगंगेकाठचे २०१९ आणि २०२१चे महापूर, ज्यांतून सावरणं अजून चालूच आहे.

१. प्रश्न लहान करून घ्या

‘महापुरानंतरचं जनजीवन’ एवढा विषय घेऊन गावात गेलात तर पुष्कळ मुलाखती होतील आणि एकीचा दुसरीशी मेळ बसणार नाही. त्यापेक्षा शिरोळ तालुक्यातल्या एकाच गावात दुभती जनावरं परत कशी उभी राहिली, हे विचारा. किंवा २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तिथल्या भाड्याच्या गाळ्यांतल्या दुकानदारांनी पुन्हा माल कसा भरला, हे विचारा. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवंही अभ्यासण्यासारखी आहेत. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि साठवणुकीची ती रीत जवळपास संपली. घरं उभी राहिली, बाजार चालू झाला, पण एक व्यवसाय परतलाच नाही. अशा प्रश्नातून सावरण्याच्या मर्यादाही दिसतात.

काळही आधीच ठरवा. कृष्णाकाठी ऑगस्ट २०१९चा पूर, मार्च २०२०ची टाळेबंदी आणि जुलै २०२१चा पुन्हा पूर, असे तीन दणके दोन वर्षांत बसले. ‘पुरानं धंदा बसला’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या पुरानं, की खरं तर टाळेबंदीनं, हे वेगळं करता आलं पाहिजे.

२. जाण्याआधी कागद वाचा

भूकंपग्रस्त भागात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या त्या कार्यक्रमात घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं होतं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. हे माहीत नसेल तर ‘आमचं अडीचशेचं घर’ या तीन शब्दांत त्या कुटुंबाचा गावातला दर्जा, जुन्या गावातली जागा आणि नव्या गावातली गल्ली एवढं सगळं सामावलंय, हे तुमच्या लक्षातच येणार नाही.

तेव्हा आधी शासन निर्णय, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही), ग्रामसभेची इतिवृत्तं आणि जिल्ह्याच्या दैनिकांच्या जुन्या फाइली चाळा. मिळत नसेल ते माहितीच्या अधिकारात मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. पंचनाम्यांच्या याद्या हाती आल्या तर त्या जपून ठेवा. कुणाला किती मिळालं, हे तुमच्या तोंडून शेजाऱ्याला कळता कामा नये.

वाचताना एक साधं कोष्टक बनवा. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात सरकारी घटना, तिसऱ्यात सण आणि शेतीचा हंगाम. २०१९ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती, पाणी चढत होतं तेव्हाच. राखी पौर्णिमा १५ ऑगस्टला आली, गणपती २ सप्टेंबरला बसले, विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला झालं. २०२१चं पाणी आषाढी एकादशीनंतर दोन-तीन दिवसांत आलं. माणसं तारखा विसरतात, पण ‘गौरी आल्या तेव्हा आम्ही शाळेतच होतो’ हे बायका ठामपणे सांगतात. मुलाखतीत हेच कोष्टक तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

३. वेळ निवडा

पाणी ओसरल्यावर पहिले काही आठवडे अभ्यासाला जाऊ नका. त्या दिवसांत घरात चिखल असतो, पंचनाम्याला कोण कधी येईल याकडे डोळे लागलेले असतात. तेव्हा जायचंच असेल तर खराटा आणि फावडं घेऊन जा, वही नको. वर्षश्राद्धाच्या आसपासही टाळा. त्या दिवशी गावात कॅमेरे असतात आणि माणसं त्या रात्रीबद्दलच बोलतात.

पेरणी, काढणी, ऊसतोडीचा हंगाम पाहून ठरवा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं वसंत ऋतूपर्यंत परतत नाहीत. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या गावात गेलात तर सगळ्यात गरीब घरं तुमच्या नोंदीतून आपोआप गळतात. बायकांना दुपारी, भांडी आवरल्यावर तासभर उसंत मिळते, पुरुष संध्याकाळी पारावर भेटतात. एकाच वेळेला जाणाऱ्याला एकच बाजू ऐकू येते.

४. गावात शिरताना

सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटून परवानगी घ्या, महाविद्यालयाचं पत्र दाखवा, हे करायलाच हवं. पण पहिला मुक्काम कुणाच्या ओट्यावर टाकता, याकडे गाव बारकाईनं पाहतं. पाटलांच्या वाड्यात चहा घेऊन निघालात तर वस्तीवरची माणसं तुमच्याशी तोलूनमापून बोलतील. पहिल्याच दिवशी शाळा, अंगणवाडी किंवा आशाताईंच्या घरापासून सुरुवात केलेली बरी. आशाताईंचं जाणं-येणं गावातल्या घराघरांत असतं.

आणि एक गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा, नंतर पुन्हा सांगा: ‘आम्ही सरकारकडून आलेलो नाही. आमच्या वहीत नाव आलं म्हणून कुणाला अनुदान मिळणार नाही, आणि नाही आलं म्हणून कुणाचं काही जाणार नाही.’ हातात वही दिसली की यादी आली, असाच लोकांचा समज होतो. तो दूर न करता मिळालेलं प्रत्येक उत्तर नुकसानभरपाईच्या आशेनं वाकलेलं असतं, आणि ती आशा मोडते तेव्हा त्रास त्या घराला होतो.

५. कुणाशी बोलायचं

गावाचा हाताने नकाशा काढा, गल्ल्या मोजा आणि प्रत्येक गल्लीतून घरं निवडा. कार्यकर्ते सांगतील त्याच घरी गेलात तर तीच चार बोलकी माणसं भेटतात. पुनर्वसित गावात तिन्ही आकारांच्या घरांमधून निवड झाली पाहिजे.

मग यादीबाहेरच्यांना शोधा. भाडेकरूंचं नाव घरपट्टीच्या कागदावर नसतं, म्हणून मदतीच्या यादीतही त्यांना धडपडूनच शिरावं लागतं. नव्या गावठाणासाठी ज्यांची जमीन संपादित झाली, त्या शेतकऱ्यांना सहसा कुणी विचारत नाही, पण शेकडो घरांचं सावरणं त्यांच्या शेतावर उभं असतं. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. अशी मुलं आज मध्यमवयीन आहेत, काही गावी परतली, काही नाहीत. गाव सोडून गेलेल्यांचा अनुभव गावात बसून मिळत नाही, त्यांचे फोन नंबर नातेवाइकांकडून, त्यांना आधी विचारूनच मिळवावे लागतात.

भूकंपानंतर ज्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं बायका ‘संवाद सहायक’ म्हणून काम करत होत्या. कुणाचा हप्ता कुठे अडला, सिमेंट कुणाकडे पोचलं नाही, हे त्यांच्यासमोर घडलेलं आहे. अशी मधली माणसं प्रत्येक आपत्तीत असतात. पुरात ती नावाडी असतात, छावणीतल्या स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या बचत गटाच्या ताई असतात, तलाठ्याबरोबर दारोदार फिरलेला कोतवाल असतो. मला विचाराल तर मुलाखतींचा तिसरा हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

६. संमती बोलून घ्या

छापील अर्जावर अंगठा घेऊन संमती होत नाही. ज्यांच्याकडून घाईत कागदावर अंगठे घेतले गेलेत, अशा माणसांना नवा कागद धाकच दाखवतो. रेकॉर्डर सुरू करून साध्या बोलीत सांगा:

‘मावशी, पुरानंतर तुम्ही घर कसं उभं केलंत ते मला ऐकायचंय. मी ते फोनमध्ये भरून घेतोय. तुमचं नाव कुठे छापणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर नको म्हणा, मधेच थांबायचं असेल तर थांबू. नंतर वाटलं की हे काढून टाका, तर या नंबरवर सांगा, अमुक तारखेपर्यंत मी काढून टाकीन. चालेल का?’

त्यांचं ‘चालंल’ रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. नंबर मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्या. लहान मुलांशी आईवडिलांसमोरच बोला, आणि तुमच्या प्रश्नाला त्यांची गरज नसेल तर बोलूच नका.

७. काय आणि कसं विचारायचं

या पायरीला जास्तीत जास्त सराव लागतो. घटनेची रात्र तुम्ही विचारू नका. सांगणाऱ्याला सांगावीशी वाटली तर शांतपणे, घाई न करता ऐका, आणि मग हळूच पुढे न्या: ‘मग उजाडल्यावर?’ पुढचं सगळं या ‘मग’वर चालतं. पहिलं जेवण कुठून आलं? पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं तेव्हा बरोबर कोण होतं? चूल पुन्हा स्वतःच्या घरात कधी पेटली? पहिली उचल कुणाकडून घेतली, व्याज किती होतं, ती फिटली का? पोरांची शाळा किती दिवस बुडाली, कुणाची कायमची सुटली का? लग्न ठरलेलं कुणाचं मोडलं किंवा पुढे ढकललं?

‘तुम्ही सावरलात का?’ असं थेट विचारलं तर लोक ‘हो, देवाच्या कृपेनं’ म्हणून विषय मिटवतात. त्याऐवजी वस्तू दाखवायला सांगा. पूरग्रस्त घरात भिंतीवर पाण्याची रेघ कुठे होती, ते हातानं दाखवायला सांगा आणि टेपनं मोजा. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पण त्या ५७ फुटांचा या स्वयंपाकघरात अर्थ काय झाला, तो ओट्याजवळच्या भिंतीवर कळतो. घर दाखवतानाच माणूस सांगतो की हे कपाट दुसऱ्या पुराआधी माळ्यावर चढवलं म्हणून वाचलं. म्हणजे पहिल्या पुरातून तो काय शिकला, याचं उत्तर न विचारता मिळालं.

पुनर्वसित गावात घराभोवती फेरी मारा. जुन्या वाड्यात अंगण आत होतं, गोठा आत होता, बायकांना आडोसा होता. नव्या वसाहती रुंद सरळ रस्त्यांच्या, सुट्या सुट्या घरांच्या बांधल्या गेल्या. लोकांनी पुढे काय काय जोडलं, ते विचारा. कुंपणाची भिंत आधी घातली की गोठ्याचं छप्पर? भिंतीला दगड कुठून आणला? जुन्या गावातल्या पडक्या घराचाच दगड असेल, तर ज्या दगडाची इतकी धास्ती बसली होती तो पुन्हा वापरताना घरात काय बोलणं झालं? त्या एका भिंतीवर तासभर बोलणं होऊ शकतं, होऊ द्या.

निर्णय कुणी घेतला, हे प्रत्येक टप्प्यावर विचारा. ‘आम्ही ठरवलं’ या उत्तरातले ‘आम्ही’ कोण? नवी जागा ठरली त्या ग्रामसभेत बायका होत्या का, होत्या तर बोलल्या का? मदतीचे पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले? पती गमावलेल्या बाईच्या घराचा कागद तिच्या नावावर झाला की दिराच्या? हा शेवटचा प्रश्न दीर समोर बसलेला असताना विचारायचा नाही. पाणी भरायला, शेताला ती निघाली तर बरोबर चाला, वाटेत बोलणं होतं. म्हणूनच जोडीनं काम करावं आणि जोडीत एक मुलगी असावी.

आणि गप्प बसायला शिका. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजा. महत्त्वाचं वाक्य बरेचदा त्यानंतर येतं.

८. कुणाला रडू आलं तर

रेकॉर्डर बंद करा. पाणी द्या, बसून राहा, ‘रडू नका’ म्हणू नका. पुढे बोलायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या, आणि उठण्याआधी बोलणं आजच्या दिवसावर आणा: नातवंडं, पीक, उद्याचा बाजार. झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं कुणी बोललं तर ती माहिती म्हणून लिहून घेऊन निघून येऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर द्या, जमल्यास स्वतःच्या फोनवरून लावून द्या, आणि त्यांची परवानगी घेऊन आशाताईंच्या कानावर घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी जाऊन या. संध्याकाळी जोडीदाराशी तुम्हीही मोकळं बोला, दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका.

९. नोंद आणि लेखन

फोन चालतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करायला विनंती करा, गिरणीच्या शेजारी बसू नका. त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि नावाऐवजी खुणेचा क्रमांक द्या. नावं आणि क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या वहीत असावी. जे रेकॉर्ड होत नाही, ते झोपण्याआधी लिहा: कोण मधेच येऊन बसलं, कशावर आवाज खाली गेला.

उतरवताना बोली बदलू नका. ‘पाणी वाढाय लागलंतं’ असं कुणी म्हणालं तर ते ‘पाण्याची पातळी वाढू लागली’ करू नका. औसा-उमरग्याची आणि शिरोळ-कुरुंदवाडची बोली वेगवेगळी आहे, दोन्ही तशाच यायला हव्यात. अडलेल्या शब्दाचा अर्थ गावातच विचारून समासात लिहून ठेवा.

१०. जाहीर आवाहन करायचं असेल तर

अधिक लोकांनी आपणहून अनुभव पाठवावेत म्हणून अर्जाची लिंक फिरवली जाते. त्यातून शिकलेले, स्मार्टफोनवाले, बहुतेक तरुण आणि पुरुष येतात. आवाजी संदेश मागवा, मग आज्जीही नातवाच्या फोनवरून बोलतात. किराणा दुकान, दूध डेअरी, दवाखाना इथे मोठ्या अक्षरातली चिठ्ठी लावा. आलेल्या अनुभवांना घरोघरच्या मुलाखतींपासून वेगळं ठेवा, कारण स्वतःहून पाठवणाऱ्यांमध्ये एकतर फार चांगलं किंवा फार वाईट घडलेले लोक जास्त असतात. त्यावरून टक्केवारी काढू नका.

११. पडताळणी

एकाच घटनेचे तीन जण तीन काळ सांगतील. सणांचं कोष्टक काढा, ते एकत्र बसतात का पाहा. कागद सांगतो घरं अमुक महिन्यात ताब्यात दिली, घरची माणसं सांगतात राहायला दोन वर्षांनी गेलो. इथे कुणी खोटं बोलत नसतं. मधल्या काळात नळाला पाणी नसेल, गोठ्याला जागा नसेल, शेत लांब पडत असेल, किंवा सिमेंटच्या छताखाली झोपायची भीती असेल. दोन्ही तारखा लिहा आणि मधल्या काळात काय झालं, ते विचारायला पुन्हा जा.

मग प्रत्येक घराची एक आडवी रेघ काढा: निवारा, कमाई, कर्ज, शाळा, आजारपण, कोणती गोष्ट कधी जागेवर आली. सगळ्या रेघा एकाखाली एक मांडल्या की गल्लीगल्लीतला फरक दिसू लागतो.

१२. नाव काढलं म्हणजे ओळख झाकली असं नाही

३० जुलै २०१४ला डोंगर कोसळलेल्या माळीणसारख्या, किंवा १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीसारख्या लहान वस्तीत ‘दोन मुली गमावलेली, आता शिवणकाम करणारी बाई’ एवढ्यावरून सगळा तालुका ओळखतो. अशा ठिकाणी तपशील बदलू नका, खोटं होईल. तपशील गाळा, किंवा अनेक घरांचं मिळून एकत्र लिहा. मदतवाटपातल्या गैरव्यवहाराबद्दल कुणी सांगितलं असेल, तर ते छापल्यानं सांगणाऱ्यावर काय येईल याचा विचार आधी करा आणि त्यांनाच विचारा.

१३. गावाला परत द्या

अहवाल विद्यापीठात जमा करण्याआधी त्याचा चार-पाच पानी मराठी सारांश गावात वाचून दाखवा. वाचन दोनदा करा, एकदा ग्रामसभेत आणि एकदा फक्त बायकांच्या बैठकीत. दोन्हीकडच्या दुरुस्त्या वेगळ्या येतात आणि दोन्ही अहवालात गेल्या पाहिजेत. कोणत्या घराला किती मदत मिळाली असा तक्ता मात्र तिथे लावू नका, जुनी भांडणं त्याच संध्याकाळी उकरली जातात.

ज्यांनी मागितलं त्यांना त्यांचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर द्या. सारांशाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. मूळ ध्वनिमुद्रणं कुठे राहतील, ती कुणाला ऐकता येतील आणि कधी पुसली जातील, हे त्या प्रतीच्या पहिल्याच पानावर लिहा. खाली तुमचा नंबर द्या आणि तो बदलला तर नवा कळवा.